नकाशातला पाऊस किती खरा?

जुलै महिन्यात वाईच्या बसस्थानकावर महाबळेश्वरची गाडी पकडा. वाईत आभाळ भरून आलेले असते, मधूनच एखादी सर येते आणि जाते. पसरणीचा घाट चढून गाडी पाचगणीला पोचते तोवर खिडक्या लावून घ्याव्या लागतात. तिथून पुढे निघालो की पाऊस अधिकाधिक दाट होत जातो आणि महाबळेश्वरात उतरल्यावर छत्री उघडावी की मिटूनच ठेवावी असा प्रश्न पडतो, कारण तिचा फारसा उपयोग होत नाही. एवढ्याशा प्रवासात आपण तीन वेगळ्या पावसांतून गेलेलो असतो.

आकड्यांत सांगायचे तर वर्षाकाठी महाबळेश्वरला सुमारे ६०० सेंटिमीटर, पाचगणीला सुमारे १८० आणि वाईला सुमारे ७५ सेंटिमीटर पाऊस पडतो. (हिशेबाच्या सोयीसाठी हे आकडे पूर्ण केले आहेत, दरवर्षीचा पाऊस अर्थातच कमीजास्त होतो.) सरळ रेषेत मोजले तर महाबळेश्वर ते पाचगणी अंतर सुमारे १५ किलोमीटर आणि पाचगणी ते वाई सुमारे १० किलोमीटर. गाडीरस्ता याहून लांब आहे, पण पाऊस काही रस्त्याने जात नाही, म्हणून आपण सरळ अंतरच घेऊ.

आता प्रश्न असा. पाचगणीच्या पश्चिमेला ५ किलोमीटरवर, म्हणजे महाबळेश्वरपासून १० किलोमीटरवर एक शेत आहे. तिथे पर्जन्यमापक नाही. त्या शेतावर वर्षाला किती पाऊस पडतो?

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, "संगणकाला विचारू. नकाशे काढणारी आज्ञावली आहे, ती क्षणात सांगेल." सांगेल खरी! प्रश्न आहे तो तिने सांगितलेल्या उत्तरावर किती विश्वास ठेवायचा, आणि ते उत्तर अधिक खरे करायचे कसे, हा.

जाळी आणि तिच्या गाठी

पर्जन्यमापक जमिनीवर विखुरलेले असतात. कुठे एका तालुक्यात दहा, तर कुठे वीस-वीस किलोमीटरांत एकही नाही. संगणकाला मात्र समपर्जन्यरेषा काढायला, रंग भरायला, बेरजा करायला नियमित मांडणी लागते. म्हणून आज्ञावली प्रथम प्रदेशावर एक काल्पनिक जाळी पसरते. आलेखाच्या वहीतला चौकोनी कागद नकाशावर ठेवला अशी कल्पना करा. उभ्या-आडव्या रेषा जिथे छेदतात त्या जाळीच्या गाठी. प्रत्येक गाठीशी पाऊस किती असावा हे आजूबाजूच्या केंद्रांवरून ठरवायचे आणि मग त्या गाठींच्या आधाराने पुढचा नकाशा काढायचा. ठाऊक असलेल्या आकड्यांच्या मधले आकडे काढण्याच्या या क्रियेला गणितात अंतर्वेशन म्हणतात.

येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. नकाशा निघतो तो गाठींवरून, मोजमापांवरून नव्हे. मोजमापे केंद्रांवर झालेली असतात आणि केंद्रे बहुधा गाठींवर नसतात. समजा, महाबळेश्वर एका चौकोनाच्या बरोबर मध्यभागी आले. चारही कोपऱ्यांच्या गाठींवर संगणकाने काढलेला पाऊस ६०० पेक्षा कमीच असणार, कारण त्या गाठी महाबळेश्वरपासून दूर आहेत आणि त्यांच्यावर कोरड्या केंद्रांचाही प्रभाव पडला आहे. मग नकाशावरून महाबळेश्वरचा पाऊस वाचला तर तो त्या चार गाठींची सरासरी येईल, म्हणजे ६०० हून कमी. जिथे आपण प्रत्यक्ष मोजले तिथलाच आकडा नकाशा चुकीचा सांगतो!

म्हणून नकाशा तयार झाल्यावर पहिली तपासणी ही करावी: प्रत्येक केंद्रावर मोजलेला आकडा आणि नकाशावरून वाचलेला आकडा यांतला फरक काढावा. फरक मोठे असतील तर जाळी बारीक करावी. गाठी केंद्रांच्या जवळ येतात आणि फरक घटतात.

पण किती बारीक? १०० किलोमीटर लांब आणि तितक्याच रुंद प्रदेशावर १० किलोमीटरची जाळी टाकली तर ११ गुणिले ११ म्हणजे १२१ गाठी होतात. एक किलोमीटरची टाकली तर १०,२०१. शंभर मीटरची टाकली तर दहा लाखांहून अधिक. संगणक कुरकुर न करता तेवढ्या गाठी मोजून देईल आणि रेषा अशा गुळगुळीत निघतील की पाहत राहावे. परंतु पर्जन्यमापक होते तेवढेच आहेत, माहिती तसूभरही वाढलेली नाही. जवळच्या दोन केंद्रांमधल्या अंतराच्या साधारण निम्मी जाळी घ्यावी, हा ढोबळ नियम पुरेसा आहे. गुळगुळीत नकाशाला अचूक नकाशा समजणे ही या विषयातली सगळ्यात जुनी फसगत असावी.

जवळच्याचे अधिक ऐकावे

गाठीवरचा आकडा कसा काढतात? त्याची एक अतिशय सोपी युक्ती आहे, आणि ती रूढ करणारा त्या वेळी अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात शिकणारा विद्यार्थी होता. डोनाल्ड शेपर्ड हे त्याचे नाव. त्याचा लेख १९६८ साली प्रसिद्ध झाला. त्या विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत तेव्हा 'सिमॅप' नावाची नकाशे काढणारी आज्ञावली होती. तिचे नकाशे छापायला आजच्यासारखी यंत्रे नव्हती. ओळीने अक्षरे छापणाऱ्या यंत्रावर एकावर एक अक्षरे छापून गडद-फिकट छटा आणत. अशा त्या काळातली ही युक्ती आजही जगभर वापरली जाते. पुण्याहून भारतीय हवामानशास्त्र विभागाने देशाच्या दैनंदिन पावसाची जी जाळी तयार केली आहे, तीही याच पद्धतीने.

युक्ती अशी. गाठीच्या जवळचे केंद्र अधिक विश्वासाचे, दूरचे कमी. म्हणून प्रत्येक केंद्राला एक भार द्यायचा. भार अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात: अंतर दुप्पट तर भार एक चतुर्थांश. मग भारित सरासरी काढायची.

आपल्या शेताचा हिशेब करू. महाबळेश्वर १० किलोमीटरवर, भार १/१०० म्हणजे ०.०१. पाचगणी ५ किलोमीटरवर, भार १/२५ म्हणजे ०.०४. वाई १५ किलोमीटरवर, भार १/२२५ म्हणजे सुमारे ०.००४४. आता प्रत्येक भाराला त्या त्या गावाच्या पावसाने गुणा: ६, ७.२ आणि ०.३३. बेरीज १३.५३. तिला भारांच्या बेरजेने, म्हणजे ०.०५४४ ने भागा. उत्तर सुमारे २४९ सेंटिमीटर.

झाले! पण वर्गच का घ्यायचा? नुसते अंतर घेतले तर? करून पाहा, उत्तर २७५ येईल. अंतराचा घन घेतला तर २२२ येईल. महाबळेश्वर आणि पाचगणी यांच्यामध्ये पाऊस सरळ रेषेत उतरत जातो असे मानले तर ३२० येईल. एकच शेत, तीच तीन गावे, तेच आकडे, आणि उत्तरे २२२ पासून ३२० पर्यंत. बहुतेक आज्ञावल्यांत घातांकाच्या जागी २ हा आकडा आधीच भरलेला असतो आणि नकाशा काढणारा तो तसाच ठेवतो. त्याने काही निवडलेले नसते; त्याच्यासाठी कोणीतरी दूर बसून निवडलेले असते.

हा शेताएवढा प्रश्न नाही

शंभर सेंटिमीटरांचा फरक पडला तर एवढे काय, असे वाटेल. त्यासाठी महाबळेश्वराच्या दक्षिणेला जाऊ. कोयना नदी महाबळेश्वरात उगम पावते, दक्षिणेकडे वाहत जाते, हेळवाकपाशी पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. कोयना धरणाच्या वरच्या बाजूचे पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर आहे. या क्षेत्रावरच्या सरासरी पावसाचा अंदाज फक्त १० सेंटिमीटरने चुकला असे समजा. ८९२ चौरस किलोमीटर म्हणजे ८९ कोटी २० लाख चौरस मीटर. त्याला ०.१ मीटरने गुणले की ८ कोटी ९२ लाख घनमीटर पाणी होते. धरणाच्या बातम्यांत टीएमसी हे माप असते. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर. म्हणजे १० सेंटिमीटरांच्या चुकीची किंमत तीन टीएमसीहून अधिक. धरणाची एकूण साठवणक्षमता १०५.२५ टीएमसी आहे. शंभर सेंटिमीटरांची चूक झाली तर तिचे पाणी धरणाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास जाईल.

पडलेले सगळे पाणी धरणात येत नाही. काही जमिनीत मुरते, काही उडून जाते. तरी हिशेबाचा पाया पडलेला पाऊस हाच असतो. दरवाजे कधी उघडायचे, किती उघडायचे, हे ठरवताना वरच्या खोऱ्यात किती पाऊस झाला हे कळावे लागते, आणि कृष्णेच्या काठी खाली सांगली आहे. २०१९ च्या ऑगस्टमधला सांगली-कोल्हापूरचा महापूर तुमच्यापैकी काहींच्या घरांनी पाहिला असेल. पावसाचा नकाशा ही भिंतीवर टांगायची वस्तू नाही, एवढे यावरून कळेल.

पाचगणी झाकून पाहा

मग कोणती पद्धत बरोबर हे ठरवायचे कसे? शेतावर पर्जन्यमापक नाही, त्यामुळे २४९ खरे की ३२० हे थेट तपासता येत नाही. पण एक चतुर उपाय आहे. जिथे पर्जन्यमापक आहे अशी जागा क्षणभर झाकून ठेवायची! पाचगणीचा आकडा ठाऊक नाही असे समजायचे, महाबळेश्वर आणि वाई यांच्यावरून तो काढायचा, आणि मग झाकण उचलून पाहायचे. गणित सोडवून झाल्यावर पुस्तकाच्या शेवटचे उत्तर पाहतो तसेच हे.

पाचगणी महाबळेश्वरपासून १५ आणि वाईपासून १० किलोमीटरवर. नुसत्या अंतराचा भार घेतला तर उत्तर येते २८५. वर्ग घेतला तर २३७. घन घेतला तर १९५. चौथा घात घेतला तर १६२. खरा आकडा १८०. म्हणजे येथे ठरावीक २ पेक्षा ३ चांगला ठरला. (सरळ रेषेच्या नियमानेही २८५ च येतात. हा योगायोग नव्हे. दोनच केंद्रे असतील आणि बिंदू त्यांच्या मधल्या रेषेवर असेल तर पहिल्या घाताची पद्धत आणि सरळ रेषेचा नियम एकच होतात. बीजगणिताने सिद्ध करून पाहा, दोन ओळींचे काम आहे.)

आता वाई झाकू. वाई महाबळेश्वरपासून २५ आणि पाचगणीपासून १० किलोमीटर. घन घेऊन उत्तर येते २०५. खरा आकडा ७५! आता महाबळेश्वर झाका. उत्तर १६१, खरा आकडा ६००! आपल्या आवडत्या घाताची पार दैना झाली. असे का?

थोडा विचार केला तर कारण सापडते. सरासरी कधीही सगळ्यात मोठ्या आकड्याहून मोठी आणि सगळ्यात लहान आकड्याहून लहान असू शकत नाही, मग भार कसेही द्या. वाई झाकल्यावर उरलेल्या दोन आकड्यांतला लहान १८०, त्याखाली ही पद्धत उतरणारच नाही. म्हणजे डोंगरात जिथे पर्जन्यमापक नाही अशा एखाद्या कड्यावर सगळ्यांत जास्त पाऊस पडत असेल, तर तो या पद्धतीच्या नकाशात कधीच दिसणार नाही. शिवाय प्रत्येक केंद्राभोवती गोल गोल वलये उमटतात, नेमबाजीच्या फळीवर असतात तशी. अशी वलये दिसली की समजावे, ती पावसाची नाहीत, पद्धतीची आहेत.

फरक की पट?

आता तीन आकड्यांकडे पुन्हा पाहा: ६००, १८०, ७५. फरक काढले तर ४२० आणि १०५. काही मेळ दिसत नाही. पट काढून पाहू. महाबळेश्वरचा पाऊस वाईच्या ८ पट आहे. आठ म्हणजे दोनाचा घन. म्हणजे २५ किलोमीटरांत पाऊस तीनदा निम्मा झाला. समान वेगाने निम्मा होत गेला असे मानले तर दर ८.३३ किलोमीटरांना एकदा निम्मा. मग १५ किलोमीटरवरच्या पाचगणीला १.८ वेळा निम्मा झालेला असणार. ६०० ला दोनाच्या १.८ व्या घाताने, म्हणजे ३.४८ ने भागा. उत्तर १७२. खरा आकडा १८०. वा!

वाई झाकून पाहू. महाबळेश्वर ते पाचगणी पाऊस ज्या प्रमाणात घटला त्याच प्रमाणात पुढे १० किलोमीटर घटवला तर वाईला ८१ येतात, खरे ७५. महाबळेश्वर झाकले तर ६६९ येतात, खरे ६००. कुठे १६१ आणि कुठे ६६९!

ज्यांनी लॉगॅरिथम शिकले आहेत त्यांच्या ध्यानात आले असेल की आपण पावसाच्या आकड्यांऐवजी त्यांच्या लॉगॅरिथमांचे अंतर्वेशन केले. आकड्यांचा स्वभाव फरकाने बदलण्याचा नसून पटीने बदलण्याचा असेल, तर आधी लॉगॅरिथम घ्यावे, मग जाळी करावी आणि शेवटी उलट फिरावे. बऱ्याच आज्ञावल्यांत याची सोय असते, पण ती सांगितल्याशिवाय होत नाही.

हे यश डोक्यात जाऊ देऊ नका, कारण लगेच खाली उतरायचे आहे. हाच नियम घेऊन महाबळेश्वरच्या पश्चिमेला २५ किलोमीटर जा. पाऊस तीनदा दुप्पट, म्हणजे ४,८०० सेंटिमीटर, चक्क ४८ मीटर! प्रत्यक्षात कोकणात महाबळेश्वरपेक्षा कमी पाऊस पडतो. नियम कुठे मोडला? सह्याद्रीच्या माथ्यावर. समुद्रावरून आलेले वारे पश्चिमेच्या उतारावर वर चढतात, थंड होतात, त्यांतल्या वाफेचे थेंब होऊन ढग आणि पाऊस होतो. माथा ओलांडला की वारे खाली उतरतात, तापतात, आणि पाऊस झपाट्याने कमी होतो. पूर्वेचा हा प्रदेश म्हणजे पर्जन्यछाया. आपला 'निम्मा-निम्मा' नियम फक्त या छायेच्या बाजूचा आहे. म्हणून जाळी करताना माथ्याची रेषा आज्ञावलीला वेगळी सांगावी लागते, म्हणजे एका बाजूच्या केंद्रांचा प्रभाव ती दुसऱ्या बाजूला जाऊ देत नाही.

येथे वर्गात हमखास एक मुलगा हात वर करतो, "सर, उंची घेऊन हिशेब केला तर?" प्रश्न चांगला आहे आणि पुष्कळ ठिकाणी उंचीचा उपयोगही होतो. पण पाचगणी महाबळेश्वरहून काही फार खाली नाही. दोन्ही गावे त्याच पठारांच्या उंचीवरची. तरी पाऊस तिसऱ्या हिश्श्याहून कमी. येथे उंचीपेक्षा माथ्यापासूनचे अंतर महत्त्वाचे आहे. असे आडाखे संगणक बांधत नाही. ते ज्याने घाट पायांनी पाहिला आहे त्याने बांधायचे.

उत्तर-दक्षिण जवळ, पूर्व-पश्चिम दूर

सह्याद्री उत्तर-दक्षिण पसरला आहे. त्यामुळे माथ्याच्या कडेकडेने उत्तरेला १५ किलोमीटर गेलात तर पाऊस फारसा बदलत नाही. पूर्वेला १५ किलोमीटर गेलात तर तो तिसऱ्या हिश्श्यावर येतो. पण साधी पद्धत दोन्ही १५ किलोमीटर सारखेच धरते. उपाय सोपा आहे. भार काढण्याआधी पूर्व-पश्चिम अंतराला एखाद्या संख्येने, समजा ३ ने, गुणायचे. मग पूर्वेचे ५ किलोमीटरवरचे केंद्र आणि उत्तरेचे १५ किलोमीटरवरचे केंद्र सारख्याच भाराची होतील. तीनच का? ते पुन्हा झाकून तपासायचे. २, ३, ४ असे गुणक घेऊन सगळी केंद्रे एकेक करून झाकायची आणि ज्या गुणकाने चुका एकंदरीत लहान येतील तो घ्यायचा. संगणकाचा खरा उपयोग येथे आहे. हाताने हे करायला महिना जाईल.

घोळक्याचा प्रश्नही याच जातीचा. एका गावात चार पर्जन्यमापक असले तर साध्या पद्धतीत त्या गावाला चार मते मिळतात, आणि दुसऱ्या बाजूच्या एकुलत्या केंद्राचा आवाज दबतो. शेपर्डला हे ठाऊक होते. एकाच दिशेला एकामागे एक केंद्रे असतील तर पुढचे केंद्र मागच्याला झाकते, म्हणून मागच्याचा भार कमी करावा, अशी दुरुस्ती त्याने आपल्या लेखातच सुचवली होती. आपल्या शेताच्या हिशेबात वाई बरोबर पाचगणीच्या मागे आहे; या दुरुस्तीने वाईचा भार घटला असता. पुष्कळ आज्ञावल्या गाठीभोवतीचा प्रदेश चार भागांत वाटून प्रत्येक भागातून ठरावीक केंद्रेच घेतात, तेही याचसाठी.

याशिवाय लवचीक पत्र्याची पद्धत आहे. प्रत्येक केंद्रावर पावसाच्या उंचीची खुंटी ठोकली आणि सगळ्या खुंट्यांना टेकेल असा पातळ पोलादी पत्रा कमीत कमी वाकवून बसवला, तर त्याचा जो आकार होईल तो नकाशा. वलये उमटत नाहीत, दिसायला सुंदर. पण महाबळेश्वरहून वाईकडे असा तीव्र उतार आला की पत्रा उताराच्या पायथ्याशी जमिनीखाली बुडी मारू शकतो. नकाशावर पाऊस उणे! कोणत्याही नकाशात उणे पाऊस, उणे लोकसंख्या असे काही दिसले तर ते हसून सोडून देऊ नका. बाजूचे आकडेही तपासा.

सोन्याच्या खाणीतला धडा

दक्षिण आफ्रिकेत विटवॉटर्सरँड येथे सोन्याच्या खाणी आहेत. तिथे काम करणारे अभियंते डॅनी क्रीग यांनी १९५१ साली एक लेख लिहिला. नमुने घेऊन ज्या भागात पुष्कळ सोने असेल असा अंदाज केला जाई, तो भाग खणल्यावर बहुधा अंदाजापेक्षा गरीब निघे. आणि जो गरीब म्हणून सोडलेला तो अंदाजापेक्षा बरा निघे. यात कोणाची लबाडी नव्हती. भोवतीच्या मोजक्या नमुन्यांवर फार विसंबल्याचा तो परिणाम होता. क्रीग यांनी दूरच्या नमुन्यांनाही योग्य तो भार देऊन अंदाज सुधारले. पुढे फ्रान्समधील गणिती जॉर्ज माथेरॉन यांनी त्याचे पूर्ण शास्त्र रचले आणि पद्धतीला क्रीग यांच्या नावावरून 'क्रीगिंग' हे नाव पडले.

या पद्धतीचा गाभा तुम्हालाही समजेल. भाराचा नियम आधी ठरवून टाकायचा नाही, आकड्यांनाच विचारायचा. दहा केंद्रे असतील तर त्यांच्या ४५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीतले अंतर आणि पावसाच्या फरकाचा वर्ग काढायचा व आलेखावर मांडायचा. जवळच्या जोड्यांत फरक लहान, दूरच्यांत मोठा, आणि एका अंतरानंतर तो वाढायचा थांबतो असे बहुधा दिसते. त्या अंतरापलीकडच्या केंद्राला आपल्या गाठीविषयी वेगळे काही सांगण्यासारखे नसते. या आलेखावरून भार ठरतात. शिवाय ही पद्धत प्रत्येक गाठीवर अंदाजाबरोबर संभाव्य चूकही सांगते. पुढचा पर्जन्यमापक कुठे बसवावा हे अशा चुकीच्या नकाशावरून कळते.

आधी आकडे तपासा

पद्धतींविषयी इतके लिहिले, पण प्रत्यक्षात मोठ्या चुका बहुतेक वेळा पद्धतीच्या आधीच झालेल्या असतात. मी स्वतः एकदा तीन संध्याकाळी घातांक बदलत बसलो होतो. एक केंद्र काही केल्या शेजाऱ्यांशी जुळेना. शेवटी मूळ वही काढून पाहिली. अक्षांश १७ अंश ५५ मिनिटे होते आणि मी १७.५५ लिहिले होते. एका अंशात ६० मिनिटे असतात, म्हणून ५५ मिनिटे म्हणजे ०.९२ अंश, लिहायला हवे होते १७.९२. एवढ्याने ते केंद्र दक्षिणेला ४१ किलोमीटर सरकले होते.

अक्षांश-रेखांशांची अदलाबदल ही दुसरी नेहमीची चूक. महाबळेश्वरचे अक्षांश सुमारे १७.९ आणि रेखांश ७३.७. उलटे लिहिले की महाबळेश्वर नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडते. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. न दिसणाऱ्या चुका वाईट: जुनी नोंद इंचांत असते आणि आपण सेंटिमीटर समजतो; नोंद झाली नाही त्या दिवशी कोणीतरी शून्य लिहितो. 'पाऊस पडला नाही' आणि 'मोजला नाही' यांत केवढे अंतर आहे! काही नोंदींत न मोजलेल्या दिवसासाठी उणे ९९९ अशी खूण असते. ती संगणकाला सांगितली नाही तर तो ९९९ चे कर्ज सरासरीत धरतो.

आणखी एक. अंतरे अंशांत मोजू नका. आपल्याकडे १८ अक्षांशावर उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, पण पूर्व-पश्चिम एक अंश म्हणजे सुमारे १०६. काश्मीरमध्ये ३४ अक्षांशावर तो ९२ वर येतो. आधी किलोमीटर करून घ्यावे.

हवामान विभागाच्या ज्या जाळीचा वर उल्लेख केला, तिची एक आवृत्ती पाव अंशाची आहे. देशभरातल्या ६,९५५ केंद्रांच्या नोंदी तिच्यासाठी वापरल्या आणि १९०१ पासूनचा पाऊस तिच्यात आहे. मोठे काम आहे. पण पाव अंश म्हणजे आपल्याकडे २७ किलोमीटरांच्या आसपास, आणि महाबळेश्वर ते वाई सारे मिळून २५ किलोमीटर. तेव्हा त्या जाळीवरून पाचगणीचा पाऊस वाचायला गेलात तर चूक जाळीची नाही. ती देशासाठी, नदीखोऱ्यांसाठी विणली आहे. मोठ्या माशाच्या जाळ्यात कोळंबी सापडत नाही.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करून घ्यावा. राज्याच्या कृषी विभागाकडून महसूल मंडळनिहाय पावसाची आकडेवारी प्रसिद्ध होते. आपल्या तालुक्यातली आणि शेजारच्या तालुक्यांतली मिळून दहा-बारा मंडळे घ्या, एका महिन्याचा पाऊस घ्या, चौकोनी कागदावर जागा मांडा. प्रत्येक विद्यार्थ्याने एक मंडळ झाकावे आणि बाकीच्यांवरून त्याचा पाऊस काढावा. अर्ध्या वर्गाने वर्गाचा भार घ्यावा, अर्ध्याने घनाचा. सगळ्यांच्या चुका फळ्यावर लिहा, अधिक-उणे चिन्हांसह. एकाच बाजूच्या मंडळांत सगळ्या चुका अधिक आल्या आणि दुसऱ्या बाजूला सगळ्या उणे, तर खिडकीबाहेर पाहा: त्या बाजूला डोंगर आहे का, वारा कुठून येतो? ज्या मंडळाची चूक सर्वांत मोठी, तिथल्या पर्जन्यमापकावर जवळच्या झाडाची फांदी तर आलेली नाही ना, हे सुटीच्या दिवशी सायकलने जाऊन पाहता येईल.